समीक्षक आले, प्रेक्षक आले नाहीत : ‘द आयर्न जायंट’चे दोन स्वीकार

६ ऑगस्ट १९९९ या दिवशी शुक्रवार होता. अमेरिकेत त्या शुक्रवारी लागलेल्या नव्या चित्रपटांपैकी दोहोंच्या केंद्रस्थानी आईबरोबर राहणारा एक एकटा मुलगा होता आणि त्या मुलापाशी मोठ्यांना सांगता न येण्यासारखे एक गुपित होते. त्यांतला ‘द सिक्स्थ सेन्स’ पहिल्या तीन दिवसांत अडीच कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवून पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. दुसरा ‘द आयर्न जायंट’. त्याच तीन दिवसांत त्याला जेमतेम ५७ लाख डॉलर मिळाले आणि तो यादीत नववा आला. सुमारे ५ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या अ‍ॅनिमेशनपटाचे अमेरिकेतील एकूण उत्पन्न पुढे २ कोटी ३० लाखांच्या आसपास थांबले. साऱ्या जगाचे मिळूनही ते ३ कोटी १० लाखांच्या फारसे पुढे गेले नाही.

परीक्षणांचा सूर मात्र अगदी वेगळा होता. अमेरिकेतील बहुतेक महत्त्वाच्या समीक्षकांनी या चित्रपटाची मनापासून दखल घेतली होती. त्यामुळे ‘समीक्षकांनी उचलून धरलेला आणि प्रेक्षकांनी नाकारलेला चित्रपट’ असे त्याचे वर्णन रूढ झाले. ते सोयीचे आहे, पण अर्धेच खरे आहे. या चित्रपटाच्या स्वीकाराचा इतिहास नीट पाहिला, तर समीक्षेच्या हातात काय असते, काय नसते आणि काळ तिच्या निर्णयात कोणती भर घालतो, हे एका उदाहरणातून बरेच स्पष्ट होते. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

पाच रात्रींची गोष्ट

चित्रपटाचे मूळ इंग्रज कवी टेड ह्यूज यांच्या ‘द आयर्न मॅन’ या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या पुस्तकात आहे. ह्यूज यांनी त्याला पाच रात्रींत सांगायची मुलांची गोष्ट म्हटले होते. सिल्व्हिया प्लाथ यांनी १९६३ च्या फेब्रुवारीत आत्महत्या केली, त्या वेळी या दांपत्याची दोन्ही मुले अगदी लहान होती. आई गमावलेल्या मुलांचा बाप ही गोष्ट लिहीत होता. समुद्राकाठच्या कड्यावरून कोसळून तुकडे तुकडे झालेला एक लोखंडी माणूस आपले अवयव शोधून स्वतःला पुन्हा जुळवतो, हे तिचे पहिलेच दृश्य. तिच्यामागची परिस्थिती ठाऊक असणाऱ्याला ते केवळ चमत्कार म्हणून वाचता येत नाही.

पुस्तकात पुढे अवकाशातून एक अजस्र ड्रॅगन येतो. लोखंडी माणूस त्याला अग्निपरीक्षेचे आव्हान देतो, जिंकतो आणि अखेर त्या ड्रॅगनच्या गाण्याने पृथ्वीवरची माणसे शांत होतात. संगीतकार पीट टाउनशेंड यांनी १९८९ मध्ये या कथेवर गाण्यांचा एक संग्रह केला. त्यावरून रंगभूमीवर संगीतिका आली आणि त्या वाटेने ही कथा वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओपर्यंत पोचली. तिथे ती ब्रॅड बर्ड यांच्या हाती लागली. दूरचित्रवाणीवर ‘द सिम्पसन्स’साठी काम केलेल्या बर्ड यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट होता.

बर्ड यांनी ड्रॅगन काढून टाकला आणि गाणीही ठेवली नाहीत. गोष्ट त्यांनी १९५७ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेच्या मेन राज्यातील रॉकवेल नावाच्या कल्पित गावी आणली. डोक्यावरून रशियाचा स्पुटनिक फिरतो आहे. शाळेत अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली कसे लपावे याचे धडे दिले जात आहेत. अशा वेळी हॉगार्थ नावाच्या मुलाला जंगलात एक प्रचंड लोखंडी राक्षस सापडतो. डोक्याला पोचा आल्यामुळे आपण कोण हे तो विसरला आहे. मुलगा त्याला बोलायला शिकवतो, चित्रकथांची पुस्तके दाखवतो. एका प्रसंगात शिकारी हरिण मारतात आणि राक्षसाला मृत्यू व बंदूक हे दोन शब्द एकाच वेळी कळतात. पुढे उघड होते, की तो स्वतःच एक शस्त्र आहे. कोणी त्याच्यावर बंदूक रोखली, की त्याच्या अंगातून आपोआप तोफा बाहेर येतात. शेवटी एका घाबरट सरकारी अधिकाऱ्याच्या उतावीळपणामुळे गावावरच अणुक्षेपणास्त्र सुटते. तेव्हा शस्त्र म्हणून घडवलेला हा राक्षस शस्त्र न होण्याचे ठरवतो आणि ते अस्त्र अडवायला आकाशात झेपावतो.

ह्यूज यांनी पटकथा वाचून तिला मनापासून संमती कळवली होती. पूर्ण चित्रपट मात्र त्यांना पाहता आला नाही. १९९८ च्या ऑक्टोबरात ते वारले.

पहिल्या आठवड्यातील समीक्षा

समीक्षकांना चित्रपट का आवडला, हे समजण्यासाठी त्या काळातील अमेरिकी अ‍ॅनिमेशनची स्थिती लक्षात घ्यायला हवी. ‘द लायन किंग’च्या १९९४ मधील यशानंतर जवळजवळ प्रत्येक स्टुडिओ डिस्नेची नक्कल करू लागला होता. पाच-सहा गाणी, बोलणारा एखादा विनोदी प्राणी आणि आई-वडिलांच्या धाकातून सुटू पाहणारी नायिका हा ठरलेला साचा होता. वॉर्नरने १९९८ मध्ये याच साच्यात ‘क्वेस्ट फॉर कॅमेलॉट’ काढला आणि मोठा तोटा सोसला. या पार्श्वभूमीवर गाणी नसलेला, एका निश्चित ऐतिहासिक काळात घडणारा आणि मृत्यूचा विषय न टाळणारा अ‍ॅनिमेशनपट समोर येताच समीक्षकांनी तो वेगळेपणा अचूक टिपला.

‘शिकागो सन-टाइम्स’चे रॉजर एबर्ट यांनी त्याला चारपैकी साडेतीन तारे दिले आणि स्पिलबर्गच्या ‘इ.टी.’शी त्याचे नाते दाखवले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जो मॉर्गनस्टर्न यांनी एक एकसंध कलाकृती म्हणून त्याच्या सौंदर्याचा गौरव केला. चित्रतंत्राकडेही लक्ष गेले. बाकी सारी पात्रे हाताने रेखाटलेली आणि राक्षस तेवढा संगणकावर घडवलेला, अशी ही रचना होती. संगणकाची रेषा फार नेमकी दिसते म्हणून तिच्यात मुद्दाम हातासारखा किंचित थरथराट आणणारी प्रणाली वापरण्यात आली. परिणामी राक्षस त्या जगात परका वाटतो, पण उपरा वाटत नाही. कथेला नेमके हेच हवे होते.

आक्षेप घ्यायला जागा नव्हती असे नाही. सरकारी अधिकारी केंट मॅन्सली हे पात्र सपाट आहे. त्याची भीती खरी असली, तरी त्याचे वागणे व्यंगचित्रातले आहे. शांततेचा संदेश शेवटी जरा ठळक अक्षरांत लिहिला जातो. ‘इ.टी.’चा सांगाडाही लपत नाही. तरीही अनुकूल सूर इतका सार्वत्रिक होता, की लॉस एंजेलिसच्या चित्रपट समीक्षकांच्या संघटनेने त्या वर्षीचा सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपट म्हणून त्याचीच निवड केली. अ‍ॅनिमेशन क्षेत्रातील ‘अ‍ॅनी’ पुरस्कारांत त्याला पंधरा नामांकने आणि नऊ पुरस्कार मिळाले. ऑस्करमध्ये मात्र त्याला बसायला पाटच मांडलेला नव्हता. अ‍ॅनिमेशनपटासाठी स्वतंत्र ऑस्कर २००१ च्या चित्रपटांपासून सुरू झाले आणि पहिला मान ‘श्रेक’ला मिळाला.

आकडे काय बोलतात

आज या चित्रपटाची महती सांगताना ‘रॉटन टोमॅटोज’ या परीक्षण-संकलनातील ९५ टक्क्यांच्या वरचा आकडा हटकून पुढे केला जातो. तो कसा तयार होतो हे पाहणे उपयोगी आहे. प्रत्येक परीक्षण अनुकूल की प्रतिकूल एवढेच तिथे ठरवले जाते आणि एकूण परीक्षणांत अनुकूल किती, त्याची टक्केवारी काढली जाते. ‘ठीक आहे, पाहायला हरकत नाही’ म्हणणारा समीक्षक आणि ‘ही अभिजात कृती आहे’ म्हणणारा समीक्षक या हिशेबात सारखेच मोजले जातात. हा आकडा सहमती किती पसरली आहे ते दाखवतो, ती किती खोल आहे ते दाखवत नाही. कोणालाच न दुखवणारा सामान्य चित्रपटही त्यात वर जाऊ शकतो. ‘द आयर्न जायंट’ची खरी साक्ष त्यामुळे मूळ परीक्षणांच्या मजकुरात शोधावी लागते. टक्केवारीत ती सापडत नाही.

दुसरा आकडा कमी सांगितला जातो, पण तो अधिक बोलका आहे. ‘सिनेमास्कोअर’ ही संस्था चित्रपट लागल्यावर पहिल्याच दिवसांत थिएटरबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. ‘द आयर्न जायंट’ला त्या प्रेक्षकांनी ‘ए’ दिला होता. म्हणजे ज्यांनी तिकीट काढून तो पाहिला, त्यांचे आणि समीक्षकांचे मत एकच होते.

इथे रूढ वर्णनाचा दुसरा अर्धा भाग गळून पडतो. नाकारण्यासाठी आधी पाहावे लागते. ‘समीक्षकांची अभिरुची निराळी, सामान्य प्रेक्षकांची निराळी’ असे आपण सहज बोलून जातो. या चित्रपटाच्या बाबतीत दरी या दोन अभिरुचींमध्ये नव्हती. ती थिएटरात आलेल्या आणि न आलेल्या लोकांमध्ये होती. आणि आलेले फार थोडे होते.

परीक्षण कोणासाठी?

ते का आले नाहीत? ‘कॅमेलॉट’च्या तोट्याने हात पोळलेल्या स्टुडिओचा अ‍ॅनिमेशनवरचा विश्वास उडाला होता. प्रदर्शनाची तारीख उशिरा पक्की झाली आणि जाहिरातीला पुरेसा अवधी मिळाला नाही. डिस्नेच्या चित्रपटाआधी काही महिने खेळणी, खाऊच्या दुकानांतील भेटवस्तू आणि न्याहरीच्या खोक्यांवरची चित्रे यांचा जो पूर लोटतो, तसे इथे काही घडले नाही. आधीच्या खासगी खेळांत प्रेक्षकांचा प्रतिसाद फार चांगला आला होता, पण तो कळेपर्यंत उशीर झाला होता. त्याच उन्हाळ्यात डिस्नेच्या ‘टारझन’ने अमेरिकेतच १७ कोटी डॉलरच्या वर मजल मारली.

पण जाहिरात कमी पडली एवढ्यावर थांबले, तर एक महत्त्वाचा मुद्दा निसटतो. समीक्षकांनी एकमुखाने सांगूनही लोक का आले नाहीत? याचे उत्तर मुलांच्या चित्रपटाच्या स्वरूपातच आहे. प्रौढांच्या चित्रपटाचे परीक्षण वाचणारा माणूस आणि तिकीट काढणारा माणूस सहसा एकच असतो. मुलांच्या चित्रपटात तिकिटाचा हट्ट मूल धरते, पैसे आई-बाप देतात आणि परीक्षण वाचले गेलेच, तर त्यातून ‘मुलाला भीती तर वाटणार नाही ना’ एवढेच शोधले जाते. हट्टासाठी मुलाला ते पात्र आधीपासून ओळखीचे लागते आणि ती ओळख खेळण्यांतून व जाहिरातींतून होते. आठ वर्षांचे मूल शुक्रवारचे परीक्षण वाचत नाही. समीक्षक ज्याच्याविषयी बोलत असतो, तो प्रेक्षक त्याच्या वाचकांत नसतोच.

याला तेव्हाच्या व्यवसायाच्या गतीची जोड मिळाली. पहिल्या शनिवार-रविवारचे आकडे सोमवारी छापून येत आणि त्यांवरून चित्रपट किती थिएटरांत ठेवायचा हे ठरे. परीक्षण वाचलेल्या एखाद्या पालकाने शेजाऱ्याला सांगावे, त्याने आणखी कोणाला सांगावे, या तोंडी प्रसाराला लागणारे तीन-चार आठवडे कोणी देत नव्हते. चांगल्या परीक्षणांचा परिणाम होण्याआधीच पडद्यांची संख्या कमी होऊ लागली.

स्टुडिओने यातून काय बोध घेतला, हा या कहाणीतला सर्वांत उदास भाग. लोक नेहमी विचारतात की तुम्ही शहाणे कौटुंबिक चित्रपट का काढत नाही. पण काढला की दर वेळी आपण मार खातो, अशा अर्थाचे उद्गार वॉर्नरच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने काढले. त्या स्टुडिओचा अ‍ॅनिमेशन विभाग पुढच्या काही वर्षांत आवरता घेण्यात आला. अपयश विक्रीचे होते, खापर मात्र गुणवत्तेवर फुटले.

दुसरा स्वीकार

त्याच वर्षाच्या अखेरीस चित्रपट व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडीवर आला. नंतर तो अमेरिकेतील केबल वाहिन्यांवर वारंवार दिसू लागला. सणासुदीच्या सुट्टीत दिवसभर सलग त्याचेच खेळ दाखवले गेले. थिएटरात मुलाला हट्ट करावा लागतो, घरात टीव्ही चालूच असतो. जे प्रेक्षक १९९९ मध्ये आले नव्हते, ते आता तुकड्यातुकड्यांनी, पुनःपुन्हा पाहत गोळा झाले. ह्यूज यांच्या लोखंडी माणसाने कड्याखाली विखुरलेले अवयव जमवावेत, तसा या चित्रपटाने आपला प्रेक्षक जमवला.

या दुसऱ्या स्वीकारात चित्रपटाचा अर्थही बदलला, आणि इथे पहिल्या समीक्षेची मर्यादा दिसते. १९९९ मध्ये तो प्रामुख्याने शीतयुद्धाचे रूपक म्हणून वाचला गेला. परक्याचे भय, अणुबॉम्बचे वेड, पन्नाशीच्या दशकातील अमेरिका ही सारी परिमाणे त्यात आहेतच. पण बर्ड यांनी मुलाखतींतून सांगितलेली एक गोष्ट हळूहळू अधिक लोकांना माहीत झाली. त्यांची बहीण सुसान हिचा १९८९ मध्ये तिच्या पतीने गोळी घालून खून केला होता. बंदुकीला आत्मा असता आणि तिला बंदूक व्हायचे नसते तर, या प्रश्नापासून आपण सुरुवात केली, असे त्यांनी सांगितले आहे. मूळ पुस्तकही अशाच एका मृत्यूच्या सावलीत लिहिले गेले होते, याची जाणीव त्यांना होती.

हे कळल्यावर हरणाचा प्रसंग निराळा दिसू लागतो. आधी तो शिकवणुकीचा भाग वाटत होता. आता तो साऱ्या चित्रपटाचा गाभा वाटतो. २०१५ मध्ये काढलेल्या नव्या आवृत्तीत पूर्वी न झालेले दोन छोटे प्रसंग घालण्यात आले. त्यांपैकी एकात राक्षसाला स्वप्न पडते आणि त्याच्यासारख्या यंत्रांची विध्वंसक फौज त्यात दिसते. दुसऱ्या वाचनाला हा प्रसंग बळ देतो. आपण कशासाठी घडवले गेलो हे त्याला ठाऊक होते आणि तरीही त्याने निवड केली.

प्रेक्षकांनी हा अर्थ किती आत्मसात केला होता, याची चाचणी २०१८ मध्ये अनपेक्षितपणे झाली. स्पिलबर्ग यांच्या ‘रेडी प्लेयर वन’ या चित्रपटात हा राक्षस युद्धात लढणारे यंत्र म्हणून अवतरला. ज्याने शस्त्र न होण्यासाठी प्राण पणाला लावले, त्यालाच शस्त्र म्हणून रणात उतरवले, ही विसंगती अनेकांना खटकली आणि त्यांनी ती बोलून दाखवली. लहानपणी टीव्हीवर हा चित्रपट पाहिलेली पिढी तोवर मोठी झाली होती. तिचा आक्षेप हीसुद्धा समीक्षाच होती, आणि १९९९ च्या कित्येक परीक्षणांपेक्षा ती चित्रपटाच्या गाभ्याच्या अधिक जवळ होती.

साक्षीदाराचे काम

मग पहिल्या समीक्षेने काय साधले? तिकिटे विकली नाहीत. स्टुडिओही वाचवला नाही. अर्थाचा निम्मा भाग तिच्या नजरेतून निसटला. तरी तिने एक काम चोख केले. गल्ला मोजला जात असतानाच, त्या गल्ल्याशी संबंध नसलेले दुसरे माप तिने नोंदवून ठेवले. पुढे कॅसेट खरेदी करणाऱ्या, वाहिनीवर काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या, नव्या आवृत्तीचा आग्रह धरणाऱ्या माणसांना ‘हा पडलेला चित्रपट आहे’ या शिक्क्याविरुद्ध दाखवायला काहीतरी हाताशी होते. अपयशी चित्रपट दरवर्षी शेकड्यांनी विसरले जातात. हा विसरला गेला नाही, याचे थोडे श्रेय त्या शुक्रवारच्या परीक्षणांना द्यावे लागेल. समीक्षकाला आपण न्यायाधीश म्हणतो. इथे त्याने साक्षीदाराचे काम केले. खटला पुष्कळ वर्षांनी उभा राहिला आणि तोवर साक्ष टिकून राहिली.

आपल्याकडे मुलांच्या कलाकृतींवर लिहिताना आपण ‘संस्कारक्षम’, ‘निखळ’ आणि ‘लहानथोरांना आवडेल असा’ या तीन विशेषणांवर भागवतो. या शब्दांनी साक्ष होत नाही. कृतीत मृत्यू आहे का, तो मुलाच्या उंचीवरून दाखवला आहे का, भीती खरी आहे का, रेषा काय सांगते, हे लिहिले तर वीस वर्षांनी कोणाला तरी ते उपयोगी पडेल. आज ते कोणी वाचले नाही, तरीही.

ब्रॅड बर्ड पुढे पिक्सारमध्ये गेले. २००४ च्या ‘द इन्क्रेडिबल्स’ने त्यांना न मिळालेले सारे यश दिले. २००७ च्या ‘रॅटाटुई’त मात्र त्यांनी एक पात्र आणले : अँटन इगो, लोकांना धडकी भरवणारा, किडकिडीत, कडवट अन्नसमीक्षक. ज्याच्या पहिल्या चित्रपटाला समीक्षकांखेरीज कोणीच वाली नव्हता, त्याने समीक्षकाला खलनायक करावे याचे आधी नवल वाटते. पण चित्रपटाच्या शेवटी एक घास खाऊन इगोला आपले बालपण आठवते आणि तो एका उंदराच्या स्वयंपाकाच्या बाजूने लिहितो. त्या लेखापायी त्याची प्रतिष्ठा जाते, नोकरी जाते. नव्या, निराधार गोष्टीच्या बाजूने उभे राहण्यातच समीक्षकाची खरी जोखीम असते, अशा आशयाचे त्याचे ते शेवटचे परीक्षण. १९९९ च्या ऑगस्टात काही माणसांनी नेमके तेच केले होते, आणि त्यांनी तसे केल्याचे बर्ड विसरले नसावेत.